स्वाक्षरीसाठी सादर

कथा लिहायला मसुदेकरांना त्रास असा काही झालाच नाही. रविवारी सकाळचा चहा घेऊन ते गॅलरीत बसले आणि जेवायला हाक येईपर्यंत कथा लिहून मोकळे झाले. पुढे जो गोंधळ झाला तो सगळा कथा पाठवण्याचा. लिहिणं आणि पाठवणं यांत केवढं अंतर असतं, हे ज्यांनी सरकारी कार्यालयात नोकरी केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांनी जरा सबुरीने ऐकावं.

मसुदेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राचा मसुदा तेच करत, म्हणून सगळे त्यांना मसुदेकर म्हणत. पुढे पुढे घरी येणारे पाहुणेही तेच म्हणू लागले आणि त्यांनी हरकत घेतली नाही. पाणी गढूळ आलं तर दिलगिरी, आलंच नाही तर खेद, आणि फारच आलं तर 'आपली तक्रार संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे', ही सगळी भाषा त्यांची. खाली सही साहेबांची. साहेब बदलले की सहीचं वळण बदलायचं, भाषा तीच राहायची. गावातल्या कितीतरी कपाटांत मसुदेकरांचं गद्य जपून ठेवलेलं होतं, पण मसुदेकर कोण हे एकाही घराला माहीत नव्हतं.

याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली तेव्हापासून. आंतरराष्ट्रीय लघुकथा स्पर्धा. कुठल्याही देशातल्या माणसाने कुठल्याही भाषेत लिहावं, आणि निवडलेल्या कथा 'लेखकाच्या नावासह' प्रसिद्ध होतील. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पाठवा ना काहीतरी. मसुदेकर हसले आणि मान हलवून वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. पण 'लेखकाच्या नावासह' हे दोन शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. दाढी करताना तेच, बसमध्ये तेच. एकदा तर त्या नादात त्यांचा थांबा मागे राहिला आणि ते थेट बसआगारात जाऊन पोहोचले. निवृत्तीच्या आत एकदा, फक्त एकदा, आपण लिहिलेल्या मजकुराखाली आपलं नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती फार मोठी आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

कथा साधी होती. एक एकटी म्हातारी पाणीपुरवठा कार्यालयाकडे सारखी तक्रार करत असते की तिचा नळ गळतो. माणूस जाऊन पाहतो तर नळ ठणठणीत. कार्यालयातला एक कारकून दर वेळी तिला नम्र उत्तर पाठवतो. हळूहळू त्याच्या ध्यानात येतं, की म्हातारीशी बोलायलाच कुणी नाही. नळ गळतो म्हटलं की निदान कुणीतरी 'महोदया' म्हणून उत्तर देतं. मग तो उत्तरं जरा लांब लिहू लागतो. बस, एवढंच.

मसुदेकरांना कथा आवडली. इतकी आवडली की ते घाबरले. एकदम चांगला वाटणारा मसुदा म्हणजे कुणाच्या तरी नजरेखालून जायचा राहिलेला मसुदा, असं ते नोकरीत शिकले होते. कार्यालयात कागद चार टेबलं फिरल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, मग कथा तरी कशी पडावी? त्यांनी कथेची नक्कल काढली, पिवळ्या फाइलीत घातली, वर अभिप्रायासाठी रकाने आखलेला कागद लावला आणि फाइल इमारतीत फिरायला सोडली. जगात दुसऱ्या कुठल्या लेखकाने हे केलं असेल असं वाटत नाही.

पहिला मुक्काम समोरच्या दारातल्या निवृत्त प्राचार्यांकडे. त्यांनी लाल शाईने सगळी विरामचिन्हं तपासली आणि लिहिलं, की कथेतून समाजाने नेमकं काय घ्यावं ते स्पष्ट होत नाही, सबब शेवटी पाणीबचतीवर एक परिच्छेद असावा. फाइल तिथून वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांना सवड नव्हती म्हणून त्यांनी ती दवाखान्यात बाकावर ठेवली, आणि दाढ बधिर व्हायची वाट पाहणाऱ्या पेशंटांनी परस्पर अभिप्राय दिले. एकाला म्हातारीच्या जागी तिशीतली बाई हवी होती. दुसऱ्याने नुसतं 'फार दुखतं' असं लिहिलं होतं. ते कथेबद्दल होतं की दाढेबद्दल, यावर मसुदेकरांनी दोन दिवस डोकं खाजवलं.

मग आला मेहुणा. हा लोकांना सहलीला नेण्याचा धंदा करायचा, त्यामुळे परदेश म्हटलं की त्याचा अधिकार. त्याचं म्हणणं पडलं, भाऊजी, आंतरराष्ट्रीय म्हणजे बर्फ हवा. बर्फाशिवाय ते लोक पान उलटत नाहीत. मसुदेकरांनी बर्फ पाडला. पण बर्फ पडल्यावर नळ गोठतो, आणि गोठलेला नळ काही केल्या गळेना, तेव्हा अख्खी कथाच बंद पडली. शेवटी एक दुपार खर्चून त्यांनी नळ घराच्या आतल्या बाजूला घेतला.

सर्वांत शेवटी फाइल घरात परत आली आणि त्यांनी ती पत्नीपुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पाहिले'. खाली आद्याक्षर. इतकी वर्षं या माणसासोबत काढल्यावर बाईला कार्यालयाची भाषा येणारच. पण मसुदेकरांना तो शब्द फार लागला. कार्यालयात 'पाहिले' कोण लिहितं हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्याने पाहिलेलं नसतं तो. त्यांनी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही, आणि आठवडाभर ते जेवताना फक्त ताटाशी बोलले.

इकडे परवानगीचं वेगळंच होऊन बसलं होतं. कर्मचाऱ्याने बाहेर काहीही छापायला द्यायचं तर कार्यालयाची लेखी परवानगी लागते. मसुदेकरांनी अभिप्रायांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी मूळ कथा जोडून अर्ज टाकला होता. तो आस्थापनेच्या बाईंकडे अडकला. या बाईंच्या हातून बिनशेऱ्याचा कागद सुटल्याची नोंद नव्हती. त्यांनी विचारलं, कथेतील कार्यालय हेच कार्यालय काय? असल्यास एकाच नळाबाबत वारंवार तक्रारी आल्याचं आपण मान्य करतो काय? नसल्यास ते कोणतं कार्यालय, खुलासा व्हावा. मसुदेकरांनी खुलासा दिला, की कार्यालय काल्पनिक आहे. त्यावर शेरा आला: काल्पनिक कार्यालयातील नळ अखेर दुरुस्त झाला किंवा कसे, अहवाल जोडावा.

मसुदेकर स्वतः जाऊन बाईंना भेटले. बाई, नळ गळतच नाही हो, तीच तर कथा आहे, असं त्यांनी काकुळतीला येऊन सांगितलं. बाईंनी तेही लिहून मागितलं. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण फाइलीची एक प्रत दुरुस्ती शाखेत गेली आणि तिथल्या अभियंत्याने मुकाट्याने माणूस पाठवला. तो कथेतल्या वर्णनावरून घर शोधत फिरला. 'सदर पत्त्यावर म्हातारी आढळून आली नाही, शेजारी चौकशी केली असता कोणास माहिती नाही' असा अहवाल फाइलीला लागला. तो वाचून आस्थापनेच्या बाईंचं समाधान झालं. म्हातारीच नाही तर तक्रार नाही, आणि तक्रार नाही तर हरकत नाही. साहेबांनी नेहमीप्रमाणे गठ्ठ्यातला कागद म्हणून सही ठोकली आणि परवानगी मिळाली.

अंतिम तारखेच्या आदल्या संध्याकाळी मसुदेकरांनी सगळे अभिप्राय विचारात घेऊन सुधारलेली कथा मुलीने वाचली. तीत तिशीतली एक बाई बर्फात बसून पाणीबचतीवर बोलत होती आणि कारकून प्रेमात पडत होता.

"बाबा, हे कुणी लिहिलंय?"

मसुदेकरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की तसं पाहिलं तर सगळ्यांनीच. मुलगी म्हणाली, मग सगळ्यांच्याच नावाने पाठवा. मसुदेकर उठले, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. आणि तिथे त्यांना एकाएकी आठवलं, की परवानगी मिळाली आहे ती मूळ मजकुराला. मंजूर मसुद्यात परस्पर बदल म्हणजे सरळसरळ शिस्तभंग. त्यांनी प्राचार्यांचं दार वाजवून अत्यंत खेदपूर्वक कळवलं, की नियमामुळे आपला नाइलाज आहे. मेहुण्याला फोन करून बर्फ रद्द केला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या संगणकावरून कथा पाठवायची असं ठरलं होतं, आणि नेमकी त्याच वेळी मुख्य जलवाहिनी फुटली. सगळे फोन एकदम वाजू लागले. अर्ध्या गावाला दिलगिरीचं पत्रक हवं होतं. साहेब दारातून डोकावून म्हणाले, मसुदेकर, ताबडतोब. मसुदेकर एका खिडकीत दिलगिरी लिहीत होते आणि दुसऱ्या खिडकीत स्पर्धेचा अर्ज भरत होते. इकडे 'नागरिकांनी सहकार्य करावे', तिकडे 'आपला अल्प परिचय द्या'. परिचयात त्यांनी 'शासकीय सेवेत' एवढंच लिहिलं, कारण दुसरं काही सुचायला सवड नव्हती. शेवटचा रकाना भरला, कथा जोडली, बटण दाबलं आणि ते पत्रक घेऊन साहेबांकडे धावले.

त्यानंतरचे दिवस मसुदेकरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. ते टेबलाशी बसेनात. पंखा मोठा करून यायचे, बारीक करून यायचे. फोन खिशातून काढायचे, पाहायचे, ठेवायचे आणि ठेवला म्हणून पुन्हा काढायचे. पत्नी एकदा म्हणाली, बसा हो जरा, तुमच्याकडे पाहून मलाच धाप लागते. ते बसले आणि बसल्या बसल्या पाय हलवू लागले.

एका संध्याकाळी कथांसकट यादी लागली. निवडलेल्या वीस कथांत कथा होती. शीर्षक तेच, म्हातारी तीच, 'शासकीय सेवेत' तेच. आणि लेखक म्हणून नाव होतं साहेबांचं. संपूर्ण, पदव्यांसकट.

मसुदेकरांनी नाव पुन्हा वाचलं. त्यांना क्षणभर वाटलं, कुणीतरी डाव साधला. मग सगळा उलगडा झाला आणि तो फार वाईट होता. डाव कुणीच साधला नव्हता. मजकूर संपला की खाली साहेबांचं नाव घालायचं, हे त्यांच्या बोटांना इतकं पाठ झालं होतं की त्या धांदलीत बोटांनी मालकाला न विचारताच काम उरकून टाकलं होतं.

बातमी त्यांच्या आधी कार्यालयात पोहोचली होती. आस्थापनेच्या बाईंनी ती सगळ्यांना पाठवली आणि पहिल्यांदाच शेऱ्याशिवाय पाठवली. परवानगीची फाइल स्वतःच्या हाताने फिरवूनही बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. मसुदा मसुदेकरांचा, नाव साहेबांचं, हेच तर रोजचं. साहेबांच्या खोलीत माणसांची रीघ लागली. मसुदेकर सर्वांत शेवटी गेले. साहेब जरा गोंधळलेले दिसत होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, अहो, ही कथा मी कधी लिहिली? मसुदेकरांनी घसा खाकरून सांगितलं, की साहेब, मसुदा मी केला होता. साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. असं होय, म्हणाले, मग ठीक आहे.

आणि इथे मसुदेकरांनी तोंड उघडायला हवं होतं. ते उघडणारही होते. पण साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, की काय सांगू तुम्हाला, आमच्या घरी कथा वाचून बायको रडली. म्हणाली, म्हणजे तुम्हाला कळतं तर, एखाद्याला उत्तर मिळालं नाही की कसं वाटतं ते. मग मी काही विचारलं की नुसतं हूं का करता? साहेबांनी कबूल केलं, की ते हूंच करायचे. कालपासून घरात दोघं बोलताहेत. हे सांगताना साहेबांचा आवाज असा काही झाला, की मसुदेकर 'अभिनंदन साहेब' म्हणून बाहेर आले.

घरी आल्यावर त्यांनी सगळं पत्नीला सांगितलं. मध्ये दोनदा उठून गॅलरीचं दार लावलं, दोनदा उघडलं. कथा नावासह यावी म्हणून एवढा आटापिटा केला आणि नाव आलं ते असं. बरं, आता बोलावं तर साहेबांच्या घरात नुकता पेटलेला दिवा विझायचा.

पत्नीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांच्या बायकोला रडू आलं ते तुमच्या लिहिण्याने. साहेबांच्या सहीने नाही."

"तुला कुठे काय वाटलं? तू तर नुसतं 'पाहिले' लिहिलंस."

"मग काय लिहू? सगळ्यांनी काही ना काही बदलायला सांगितलं होतं. मला त्यातलं काही बदलायचं नव्हतं. त्याला तुमच्या भाषेत दुसरा शब्द असेल तर मला माहीत नाही."

 ताटाशी बोलण्यात घालवलेला तो आठवडा मसुदेकरांना आता परत हवा होता. पत्नी पुढे म्हणाली, की आयुष्यभर लोकांची पत्रं लिहिलीत, आता एक स्वतःसाठी लिहा. नाही लिहिलंत तर मी काही बोलणार नाही, पण तुमचं हे येरझारा घालणं मरेपर्यंत थांबायचं नाही.

त्यांनी स्पर्धेवाल्यांना कळवलं. उत्तर लगेच आलं: ज्यांच्या नावाने कथा आली आहे त्यांनी स्वतःच्या सहीने तसं लिहून द्यावं, म्हणजे नाव दुरुस्त होईल. म्हणजे मसुदा पुन्हा मसुदेकरांचा आणि सही पुन्हा साहेबांची. त्यांनी पत्र लिहिलं. 'सदर कथा मी लिहिलेली नसून ती माझ्या कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लिहिली आहे. गेली अनेक वर्षे माझ्या नावाने जाणारा मजकूर तेच लिहीत आले आहेत, आणि सवयीमुळे या कथेवरही माझे नाव पडले. तो मान माझा नाही.' खाली मूळ लेखक म्हणून स्वतःचं संपूर्ण नाव टाइप करताना त्यांची बोटं अडखळली. एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा घातलं.

साहेबांपुढे रोजचा गठ्ठा होता. मसुदेकरांनी पत्र त्यात मधेच सरकवलं नाही. सरकवलं असतं तर काम झालं असतं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते वेगळं समोर ठेवून ते म्हणाले, "साहेब, एकदा वाचून घ्या."

"तुम्ही लिहिलंय ना? मग ते वाचायचं काय," साहेब म्हणाले आणि त्यांनी झोकात सही केली. "स्पर्धेच्या आभाराचं ना? बरं, अजून एक छोटं काम आहे. बायको विचारते, ती म्हातारी पुढे काय करते? मी काय सांगणार? जरा दोन ओळींचं उत्तर लिहून द्या. घरगुती भाषेत."

सही झालेलं पत्र मसुदेकरांच्या हातात होतं. आता दारापर्यंत जायचं आणि जावक टेबलावर ते टाकायचं, एवढंच उरलं होतं. त्यांचे पाय, जे इतके दिवस कुठे ठरत नव्हते, ते तिथेच ठरले.

"साहेब, यात लिहिलंय की कथा तुमची नाही. माझी आहे."

साहेबांनी हात पुढे केला. पत्र घेऊन ते वाचू लागले, सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत. मसुदेकरांचा एवढा मजकूर त्यांच्या हाताखालून गेला होता, त्यातला त्यांनी पूर्ण वाचलेला हा पहिलाच. मसुदेकरांना वाटलं, फाडतील. फाडलं तर आपण काय म्हणायचं हेही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. साहेबांनी पत्राची घडी घातली, टेबलावर ठेवली, पुन्हा उलगडली.

"चांगलं लिहिता हो तुम्ही," ते म्हणाले. आणि मग पत्र बाजूला ठेवत, "मग मी घरी काय सांगू?"

याचा मसुदा मसुदेकरांकडे नव्हता. त्यांनी पिशवीतून कथेची प्रत काढली आणि साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी सवयीने पेन उचललं आणि थेट शेवटचं पान काढलं.

"यावर सही करायची नाही, साहेब. नुसती वाचायची आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. फोन वाजला तो उचलला नाही. त्यांनी पहिलं पान काढलं आणि मसुदेकरांना समोरची खुर्ची दाखवली. त्या खोलीत मसुदेकर आजवर कधी बसले नव्हते. ते बसले, आणि साहेबांचं वाचून होईपर्यंत बसून राहिले.